पहिला रोल भरण्याआधी

आजोबांचा रोल कॅमेरा कपाटातून बाहेर काढलास, फार छान केलंस! वेगवेगळ्या लेन्स, घरी रोल धुणं हे सगळं नंतर बघू. आत्ता एवढं सांभाळ:

- ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) कलर निगेटिव्ह रोल घे. ढगाळ दिवसातही चालतो. उजेड थोडा जास्त झाला तरी निभावतं, कमी पडला तर मात्र सावल्या मातकट येतात. शंका आली तर जास्तच दे.
- शटरचा वेग १/६० सेकंदापेक्षा हळू ठेवू नकोस, हात हलतोच.

नवख्यांचे रोल वाया जातात ते बहुतेक भरतानाच. फिल्मची पट्टी आत नीट अडकली नाही तरी फोटो मोजणारा आकडा पुढे सरकत राहतो आणि ३६ फोटो काढूनही रोल कोरा निघतो. म्हणून झाकण लावलं की डावीकडची रोल गुंडाळायची कळ हलकेच बाणाच्या दिशेने फिरवून ढिलेपणा काढ. मग रोल पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना त्या कळीकडे बघ. ती फिरली तरच रोल पुढे चाललाय. नाही फिरली तर पुन्हा भर, दोन-तीन फ्रेम गेल्या तर जाऊ देत.

आणि एकदा रोल नीट चालू लागला की तो परत डबीत पूर्ण गुंडाळल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

पहिला रोल सकाळच्या उन्हात, घरच्याच माणसांवर संपव. स्कॅन आले की नक्की दाखव!