त्वचारोगशास्त्राच्या प्रशिक्षणात मुख्य पुस्तक कोणतं धरावं: रूक, बोलोनिया की फिट्झपॅट्रिक?

तुमचा प्रश्न असा आहे: पदव्युत्तर प्रशिक्षण नुकतंच सुरू झालंय, एकच मोठं पुस्तक मुख्य म्हणून धरायचंय आणि प्रत्येक सीनियर वेगळंच नाव सांगतोय.

माझं मत आधी सांगून टाकतो. रोजच्या वाचनाला बोलोनिया ठेवा आणि तिथे अडलं की रूक उघडा. पण एवढ्यावरून पुस्तक घेऊ नका. सीनियर सांगतात ते बहुतेकदा त्यांना सवय झालेलं पुस्तक असतं. ग्रंथालयात तिन्ही पुस्तकं एका टेबलावर मांडा, एक दुपार काढा आणि तेच चार विषय तिन्हींत शोधून बघा. विषय ओपीडीत नेहमी येणारे घ्या.

पहिला विषय औषधाची पुरळ. समोर रुग्ण आहे, ताप आहे, चेहरा सुजलाय, अंगभर लाल पुरळ आहे आणि पाच औषधं चालू आहेत. संशय कशावर घ्यायचा हे औषध सुरू झाल्याच्या तारखेवरून ठरतं. गोवरासारखी साधी पुरळ साधारण ४ ते १४ दिवसांत उठते, स्टीव्हन्स-जॉन्सन (औषधाने त्वचा सुटू लागते तो गंभीर रोग) ४ ते २८ दिवसांत, ड्रेस (आतल्या अवयवांनाही त्रास देणारी औषधाची तीव्र प्रतिक्रिया) २ ते ८ आठवड्यांनी. बारीक पूयफोड्यांची एजेप मात्र बहुधा ४ दिवसांच्या आतच. हे सगळं एका तक्त्यात मिळतंय की चार ठिकाणी पानं उलटावी लागतायत, ते बघा. तिथेच आणखी एक गोष्ट तपासा. त्वचा सुटलेला भाग १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस (त्याचंच जास्त पसरलेलं रूप), मधलं ते ओव्हरलॅप, हे आकडे सगळीकडे सापडतील. पण मोजायचा तो फक्त सुटलेला किंवा बोटाने चोळल्यावर सुटणारा भाग, नुसती लाली धरायची नाही, हे पुस्तक स्पष्ट सांगतं का? नवा रेसिडेंट इथेच चुकतो. लालीसकट मोजून टक्केवारी फुगवतो आणि निदानच बदलून बसतो.

दुसरा विषय पेम्फिगसची, म्हणजे शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे फोड येणाऱ्या रोगाची, बायोप्सी. दोन तुकडे घ्यावे लागतात. एक ताज्या, छोट्या फोडाच्या कडेचा, फॉर्मेलिनमध्ये, नेहमीच्या तपासणीसाठी. दुसरा फोडालगतच्या, वरून ठीक दिसणाऱ्या त्वचेचा, मिशेल माध्यमात (अशा तुकड्यासाठीचं खास द्रावण), डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे त्वचेतली प्रतिपिंडं चमकत्या रंगाने दाखवणाऱ्या तपासणीसाठी. हा दुसरा तुकडा घाईत फॉर्मेलिनमध्ये पडला की संपलं. फॉर्मेलिनने प्रथिनं एकमेकांत जखडली जातात, शोधायच्या प्रतिपिंडांवर चमकणारा रंग नीट बसत नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आता बघा, ही माहिती पेम्फिगसच्या प्रकरणातच आहे का? की तंत्राच्या वेगळ्या प्रकरणात आहे आणि इथे तिचा उल्लेखही नाही? वॉर्डातून धावत आलेला माणूस रोगाचं नाव शोधतो, तंत्राचं प्रकरण कोण उघडणार?

तिसरी परीक्षा सूचीची. पिटिरियासिस व्हर्सिकलर शोधा, मग टिनिया व्हर्सिकलर शोधा. ब्रिटिश पुस्तक पहिलं नाव वापरतं, अमेरिकन लेखनात दुसरंही चालतं (खरं तर ही मॅलासेझिया यीस्टची बाधा, डर्मॅटोफाइटची, म्हणजे नायट्याच्या बुरशीची, नव्हे, त्यामुळे टिनिया हे नावच फसवं). चांगल्या सूचीत दोन्ही नोंदी असतात आणि एक दुसरीकडे बोट दाखवते. हाच प्रयोग सोलर केराटोसिस आणि ॲक्टिनिक केराटोसिस या एकाच रोगाच्या दोन नावांवर करा. ई-आवृत्ती वापरणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण शोधयंत्र ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगला वेगवेगळे शब्द समजू शकतं. नीव्हस, हेमँजिओमा, इडीमा हे शब्द दोन्ही पद्धतींनी टाकून पाहिल्याशिवाय पुस्तकात अमुक नाही असं म्हणू नका.

चौथा विषय लायकेन प्लेनस, आणि इथे मजकूर नको, फक्त फोटो बघा. गोऱ्या त्वचेवर जांभळट दिसणारे हे उंचवटे सावळ्या त्वचेवर करडे-तपकिरी, कधी जवळजवळ काळे दिसतात. लाली तर गडद त्वचेवर अनेकदा लाल दिसतच नाही, जांभळट किंवा नुसता काळसर छटेतला फरक दिसतो. तुमचे रुग्ण ज्या वर्णाचे आहेत त्यांचे फोटो किती आहेत ते मोजा. लायकेन प्लेनस पिगमेंटोससला (त्याचा काळसर डागांचा प्रकार) दोन ओळी दिल्यात की नीट जागा दिलीय, तेही बघा. या बाबतीत नव्या आवृत्त्या जुन्यांपेक्षा बऱ्या आहेत, पण एकट्या पुस्तकावर भागत नाही, सोबत ॲटलास लागतोच. आणि कुठून तरी मिळालेली स्कॅन केलेली प्रत मुख्य पुस्तक म्हणून वापरू नका. नैतिक मुद्दा आहेच, पण त्यात रंग बदललेले असतात आणि या विषयात अर्धं निदान रंगावर असतं.

आता पुस्तकांविषयी.

रूक ब्रिटिश, पहिली आवृत्ती १९६८ ची, हल्ली चार खंडांत. प्रत्येक रोगाची मांडणी ठरलेली: व्याख्या, प्रसार, कारणं, लक्षणं, वेगळे काढायचे रोग, तपासण्या, उपचार. उपचारांची पहिली, दुसरी, तिसरी पायरी वेगळी दिलेली असते. दुर्मीळ रोग दुसरीकडे नाही सापडला तर इथे सापडतो. पानांचे क्रमांक प्रकरणानुसार असतात, म्हणजे २८.५ म्हणजे अठ्ठाविसाव्या प्रकरणाचं पाचवं पान. पहिल्या आठवड्यात सगळेच यात गोंधळतात. कुष्ठरोगाला यात स्वतंत्र प्रकरण आहे. बोलोनियात तो मायकोबॅक्टेरियल रोगांच्या प्रकरणात येतो. जिथे कुष्ठरोगाचे रुग्ण येतात तिथे शिकणाऱ्याला हा फरक जाणवेल.

बोलोनिया २००३ पासूनचं, दोन खंडांचं. तक्ते, आकृत्या आणि प्रकरणाच्या सुरुवातीला मुख्य मुद्द्यांची चौकट ही त्याची ताकद. 'कंकणाकृती चट्टा दिसला, आता काय काय आठवायचं' अशा प्रश्नाला ते सर्वांत लवकर उत्तर देतं. त्यात चक्क शून्य क्रमांकाचं प्रकरण आहे, मूलभूत तत्त्वांचं; सुरुवात तिथूनच करा. दोष असा की तक्त्यात सगळं कोंबलेलं असल्यामुळे वाचल्यासारखं वाटतं आणि दोन दिवसांनी काही आठवत नाही.

फिट्झपॅट्रिक १९७१ पासूनचं. रोगाची यंत्रणा आणि त्वचेचा इतर अवयवांशी संबंध यांवर भर. आधी मेडिसिन केलेल्यांना ते जवळचं वाटतं. जुन्या आवृत्त्यांच्या नावात 'जनरल मेडिसिन' होतं, २०१९ च्या नवव्या आवृत्तीत ते गेलं. जुनं नाव टाकून शोधलंत तर जुनीच प्रत हाती येईल.

सलग वाचून काढायचं असेल तर एकखंडी अँड्र्यूज. बाकीची तिन्ही पुस्तकं सलग कोणी वाचत नाही आणि वाचूही नयेत.

आवृत्तीबद्दल लोक विनाकारण घाबरतात. चट्ट्याचं वर्णन आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र दहा वर्षांत फारसं बदलत नाही, उपचार बदलतात. अमेरिकेत पेम्फिगससाठी रिटुक्सिमॅबला मान्यता मिळाली २०१८ मध्ये, चाईसाठी बॅरिसिटिनिबला आणि कोडासाठी रक्सोलिटिनिब क्रीमला २०२२ मध्ये. म्हणजे बोलोनियाच्या २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत कोडाच्या प्रकरणात त्या क्रीमची मान्यता असणंच शक्य नाही. हाती आलेल्या प्रतीत ही तीन औषधं शोधा, तिचं खरं वय लगेच कळेल. छापील सालावर विसंबू नका, प्रकरणाच्या संदर्भयादीतलं सर्वांत नवं साल बघा. जुनी प्रत असली तर निदान पुस्तकावरून करा आणि उपचार चालू मार्गदर्शक तत्त्वांवरून. मात्रा दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय लिहू नका. मेथोट्रेक्सेट सोरायसिसमध्ये आठवड्यातून एकदा देतात. ते रोज घेतलं गेलं की अस्थिमज्जा दबते, तोंड सोलून निघतं, माणूस दगावूही शकतो.

वापरायचं कसं, यात सर्वांत जास्त लोक फसतात. खंड पहिला, पान पहिलं, त्वचेची गर्भावस्थेतली वाढ, मग इम्युनॉलॉजी, आणि तिसऱ्या आठवड्यात पुस्तक कपाटात. त्याऐवजी आज पाहिलेल्या रुग्णांपैकी एकाचा रोग त्याच संध्याकाळी वाचा, वीस मिनिटं. आधी फक्त लक्षणं आणि वेगळे काढायचे रोग. दुसऱ्या दिवशी रुग्ण पुन्हा बघा. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आली की त्याच पानावर सूक्ष्मरचना वाचा. यंत्रणेचा भाग शेवटी. समासात तारीख आणि एक ओळ लिहा: 'पुस्तकात टाळूचा उल्लेख, आपल्याकडे तळहातच.' रुग्णाचं नाव लिहू नका, पुस्तक दहा हातांतून जातं.

सहा महिने तरी पुस्तक बदलू नका. कोणती गोष्ट पानावर डावीकडे होती, कोणत्या फोटोखाली होती, ही आठवण परीक्षेत खरंच कामाला येते आणि दोन पुस्तकांत ती विस्कटते. विभागातली चर्चा आणि परीक्षकांचे प्रश्न सरळसरळ रूकच्या मांडणीवर चालत असतील, तर मात्र माझं मत बाजूला ठेवा आणि रूकच धरा.

दुसरं पुस्तक घ्यायचंच असेल तर तसलंच आणखी एक जाडजूड नको, हिस्टोपॅथॉलॉजीचं, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या त्वचेचं घ्या. लीव्हर किंवा वीडन, जे तुमच्या पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर असेल तेच, कारण स्लाइड बघताना शब्द त्यांचेच कानावर पडणार आहेत. आणि छापील प्रत जुनी घेत असाल तर आतल्या पानावरचा ई-आवृत्तीचा कोड आधीच खरवडलेला आहे का ते बघून घ्या. हे कोड बहुधा एकाच खात्याला जोडले जातात.