जळगावात भावावर दोषारोपपत्र दाखल झालंय, तो कोठडीत आहे. हायकोर्टात जाता येईल का?

येईल. खान्देशातली प्रकरणं छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जातात, मुंबईला नाही. दोषारोपपत्र रद्द करून घ्यायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 528, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 482. तिथे पुरावा खरा-खोटा तपासत नाहीत. कागद जसेच्या तसे धरूनही गुन्हा होतो का, एवढंच बघतात. म्हणून त्यावरच विसंबू नका, जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात लगेच टाका.

आणि ताई, रिमांडचे, म्हणजे कोठडीत ठेवायच्या कोर्टाच्या आदेशाचे, कागद नीट वाचा. पहिल्या रिमांडपासून 60 किंवा गंभीर गुन्ह्यात 90 दिवस उलटले, दोषारोपपत्र नव्हतं आणि तेव्हाच जामीन मागितला असेल, तर तो जामिनाचा हक्क टिकतो. तेव्हा मागितला नसेल, तर या कारणावर आता जामीन मिळणार नाही. अटकेची कारणं लेखी दिली होती का, तेही शोधा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नसते.