कळसूबाई सव्वादोन तासांत चढतो, तर एव्हरेस्ट बेस कॅम्प नऊ दिवसांत होईल का?

नाही होणार. झालाच तर नशिबानं होईल, स्टॅमिनामुळे नव्हे.

तुम्ही लिहिलंय की अलंग-मदन-कुलंग हे अवघड किल्ले झालेत, कळसूबाई सव्वादोन तासांत होतो, ऑफिसातून शनिवार-रविवार धरून नऊच दिवस सुट्टी मिळते आणि 'लोक उगाच बारा-चौदा दिवस घालवतात'. हे शेवटचं वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून शब्द न् शब्द ऐकलंय. म्हणूनच लिहायला बसलो, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

आधी हिशेब. विमान उतरतं ते लुक्ला 2,860 मीटर, पुढे वाटेतले मुक्काम: नामचे 3,440, तेंगबोचे 3,860, डिंगबोचे 4,410, लोबुचे 4,940, बेस कॅम्प 5,364. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच जागी काढायची, हा सर्वमान्य नियम. म्हणून नामचेला दोन रात्री, डिंगबोचेला दोन रात्री. एवढं पाळलं की नुसतं लुक्ला ते लुक्ला अकरा-बारा दिवस जातात. त्यावर मुंबई-काठमांडू येणं-जाणं. लुक्लाचं विमान ढग आले की उडत नाही, आणि ऐन हंगामात ते बहुधा काठमांडूहून नव्हे, रामेछापहून सुटतं, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीत. मग नऊ दिवसांत बसवायला तुम्ही काय कापणार? त्या दोन जादा रात्रीच. सगळे त्याच कापतात.

आता कळसूबाई. उंची 1,646 मीटर, महाराष्ट्रात त्याच्यापेक्षा उंच काही नाही. विरळ हवेचा त्रास सुरू होतो साधारण अडीच हजारांच्या पुढे. म्हणजे महाराष्ट्रातला अख्खा सह्याद्री पालथा घातला तरी आपलं शरीर तिकडे कसं वागेल याची काडीचीही माहिती तुम्हाला मिळालेली नाही. बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथं रोज व्यायाम करणाऱ्यालाही त्रास होतो आणि पोट सुटलेल्यालाही. उलट दमदार माणसाचीच जास्त भीती, कारण तो भराभर चढतो आणि दुखलं तर बोलत नाही.

आमचे साडू असे दमदार. राहायला बोरिवलीला, दर रविवारी नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत जवळजवळ पळतच जातात. त्यांचा दम माझ्या दुप्पट आहे हे मी आजही मान्य करतो. आम्ही दोघं बेस कॅम्पला निघालो होतो तेव्हा नामचेचा जादा मुक्काम त्यांनी कसाबसा सोसला. डिंगबोचेला मात्र ऐकेनात. ''इथं बसून काय बटाटे सोलायचेत?'' आदल्या रात्री त्यांचं डोकं दुखत होतं, डाळभाताला हात लावला नव्हता. विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय, ते लसणाचं सूप बाधलं. आपल्याकडे डोकं दुखून मळमळलं की पित्त, पुढे चौकशीच नाही. गाईड तिथलाच पोरगा, त्यानं दोनदा बजावलं. साडू म्हणाले, पैसे आपण देतोय, ठरवणार आपण. दोघांत गाईड एकच, त्यामुळे मीही निघालो.

लोबुचेच्या वाटेवर थुक्लाचा चढ संपतो तिथं एव्हरेस्टवर आणि आसपासच्या शिखरांवर जीव गेलेल्यांची स्मारकं आहेत, दगडांचे ढीग आणि पताका. तिथं साडूंनी पाणी प्यायला हातमोजे काढले आणि ते परत घालता येईनात. बोटं कुठं घालायची तेच उमजत नव्हतं. शेवटी गाईडनं लहान मुलाला घालावेत तसे घालून दिले. लोबुचेला पोचल्यावर ते भिंत धरून चालायला लागले. संध्याकाळी जेवणाच्या खोलीत शेगडीजवळ बसलो होतो, मला म्हणाले, ''शेवटची कसारा गेली का रे?''

मी आधी हसलो. गाईड हसला नाही. त्यानं त्यांना जमिनीवरच्या फळीवरून टाचेला चवडा लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तोल गेला. मी म्हटलं, आत्ता खाली. साडू म्हणाले सकाळी बघू. गाईड हळूच मला म्हणाला की सकाळपर्यंत थांबण्यासारखं हे नाही. मग डोक्याला विजेऱ्या लावून, एका बाजूनं गाईड आणि दुसऱ्या बाजूनं पोर्टर असं त्यांना मधे धरून, अंधारात फेरिचेपर्यंत उतरवलं. साधारण सहाशे मीटर. तिथं हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात सुरू असतो. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, डेक्सामेथासोन दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की मेंदूला सूज यायला लागली होती. सकाळी साडूंनी चहा मागितला, वर साखर कमी आहे म्हणून कुरकुरले.

तेव्हापासून कुठलाही साखरपुडा, मुंज, गणपती असो, गोष्ट अशी सांगितली जाते: बेस कॅम्प अर्ध्या दिवसावर होता, याची फाटली, मला साधं पित्त झालेलं तर यानं ओढत खाली आणलं. बरं का वाटलं? तर लोबुचेला घेतलेली पित्ताची गोळी लागू पडली. सासरी ते मोठे जावई, त्यामुळे सगळे माना डोलावतात. मी इथं लिहूनच ठेवतो. पित्तानं माणसाला हातमोजा घालता येत नाही असं होत नाही. पित्त झालेला माणूस लोबुचेत कसारा लोकल शोधत नाही. आणि खाली उतरताच उतरणारा आजार कुठला, ते नेपाळातल्या कुठल्याही शेरपा पोराला विचारा.

साडूंचा दुसरा मुद्दा असा की माणूस कणखर असेल तर हे नियम त्याला नाहीत. हिलरी आणि तेनझिंगपेक्षा कणखर कोण आणायचा? 1953 साली एव्हरेस्ट पहिल्यांदा सर करणारी त्यांची मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून चालत तेंगबोचेला गेली, त्यातच दोन आठवड्यांहून जास्त गेले. त्यावर वर चढण्याआधी आजूबाजूच्या डोंगरांत सुमारे तीन आठवडे सराव. लुक्लाची धावपट्टी पुढे 1964 मध्ये हिलरीच्याच पुढाकारानं झाली. आपण विमानातून थेट 2,860 मीटरवर उतरतो, म्हणजे त्या पायपिटीत मिळणारी सवय आधीच गमावलेली असते. उरलेल्या दोन जादा रात्रीसुद्धा जास्त वाटाव्यात?

तुमच्या नऊ दिवसांचं म्हणाल तर तेंगबोचेपर्यंत जा आणि परत या. नामचेला दोन रात्री काढूनही बसतं, ढगांमुळे विमान अडलं तर एखादा दिवस हाताशी राहतो. तिथल्या मठासमोरून एव्हरेस्ट, ल्होत्से, अमा दब्लम सगळं दिसतं. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसतच नाही, त्यासाठी जवळचा काला पत्थर हा डोंगर चढावा लागतो, हे फोटो टाकणारे सांगत नाहीत. बेस कॅम्पच हवा असेल तर पंधरा दिवसांची रजा मिळेपर्यंत थांबा.

सरावाचं विचारलंत. पाठीवर आठ-दहा किलो घेऊन बिल्डिंगचे जिने, उतरताना गुडघ्यांकडे लक्ष, बूट इथंच भरपूर वापरून मऊ केलेले. तुम्ही अलंग-मदन केलंय, याहून जास्त मी काय सांगणार.

आता खरं सांगायचं तर घाईघाईत जाऊन ठणठणीत परत आलेली माणसंही मी बघितलीत. प्रत्येकालाच त्रास होतो असं नाही. कोणाला होईल ते आधी कळत नाही एवढंच. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. विमा घ्याल तर सहा हजार मीटरपर्यंत हेलिकॉप्टरचा खर्च त्यात आहे का ते वाचून घ्या, आणि नुसत्या डोकेदुखीला कोणी हेलिकॉप्टर बोलवायची घाई करत असेल तर आधी पायी उतरा; गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे लाटण्याचे प्रकार 2018 मध्ये नेपाळ सरकारच्याच चौकशीत बाहेर आलेत. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी बरेच जण घेतात, साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून. पण मनानं घेऊ नका, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यांनी दिलीच तर मुंबईत असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, आणि हे पहिल्यांदा नामचेच्या थंडीत कळलं तर माणूस घाबरतो.