सीईओ जाणार म्हणून शेअर विकावेत का?

प्रश्न: मी नाशिकची, वय ४२. सासरी निफाडला द्राक्षबाग आहे. एका मोठ्या अमेरिकी तंत्रज्ञान कंपनीच्या पुणे कार्यालयासाठी घरूनच काम करते. पगाराबरोबर मिळत गेलेल्या कंपनीच्या शेअरची किंमत आज १ कोटी १० लाखांच्या आसपास आहे आणि ते धरून आमची एकूण बचत १ कोटी ७० लाख आहे. ज्यांच्या कारकिर्दीत कंपनी नावारूपाला आली, ते सीईओ आता पायउतार होत आहेत. यजमान म्हणतात, आताच सगळे विकून टाक. सहकारी म्हणतात, एकही विकू नकोस. दोन वर्षांत गंगापूर रोडला ९० लाखांपर्यंतचा फ्लॅट घ्यायचा आहे. काय करावे?

उत्तर: तुम्ही शेअर विकावेत असेच माझे मत आहे, पण त्याचे कारण जाणारे सीईओ नव्हेत, आणि सगळे विकावेत असेही नव्हे.

प्रमुखाच्या कारकिर्दीचे मोल तो जातो त्या दिवशी बाजाराला कळतेच असे नाही. स्टीव्ह बाल्मर २००० ते २०१४ या काळात मायक्रोसॉफ्टचे प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत कंपनीची वार्षिक विक्री सुमारे २३ अब्ज डॉलरवरून ७८ अब्ज डॉलरच्या घरात गेली, तरी शेअरचा भाव ते पदावर आले तेव्हापेक्षा खालीच राहिला. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली त्या दिवशी तर भाव सुमारे सात टक्क्यांनी चढला. त्यांच्या उत्तराधिकाऱ्याला, सत्या नडेला यांना, ज्या अझूर (कंपन्यांना इंटरनेटवरून संगणकसेवा भाड्याने देणारी) आणि ऑफिस ३६५ (वर्ड-एक्सेलसारखी साधने वर्गणीवर देणारी) यांमुळे नाव मिळाले, त्या दोन्ही सेवा मात्र बाल्मर यांच्याच काळात, २०१० आणि २०११ मध्ये, बाजारात आल्या होत्या. नोकियाचा फोन व्यवसाय घेण्याचा निर्णयही त्यांचाच. त्यापोटी २०१५ मध्ये ७.६ अब्ज डॉलर बुडीत धरावे लागले. तुमच्या सासरी निफाडला द्राक्षबाग आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून सांगतो: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत जे घड धरतात, ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच डोळ्यांना दिसतात, आणि तोवर बाग दुसऱ्याच्या हाती गेली असेल तर कौतुक नव्या मालकाचे होते.

उलट उदाहरण इन्फोसिसचे. तिथले सीईओ विशाल सिक्का यांनी १८ ऑगस्ट २०१७ रोजी राजीनामा दिला, तेव्हा शेअर एका दिवसात दहा टक्क्यांच्या आसपास पडला. घाबरून त्या दिवशी विकणाऱ्यांना पुढच्या वर्षी आलेली तेजी बाहेरून पाहावी लागली. स्टीव्ह जॉब्स गेल्यावर ॲपलचे काय झाले, हे तर सर्वांना ठाऊकच आहे. तेव्हा यजमानांची भीती आणि सहकाऱ्यांचा विश्वास, दोन्हींना आधार सापडतो. मात्र खरे कोण ठरले हे कळायला पाच-दहा वर्षे जावी लागतात आणि बिल्डरचे हप्ते तोवर थांबणार नाहीत.

माझी खरी हरकत वेगळी आहे. तुमचा पगार, पुढे मिळणारे शेअर आणि बचतीचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग एकाच कंपनीवर उभा आहे. उद्या कंपनीवर मंदी आली तर भाव पडेल आणि नोकरीवरही गदा येईल, दोन्ही एकाच महिन्यात. सीईओ कितीही कर्तबगार असोत, ही जोखीम कालही होती.

म्हणून घरासाठी लागणारी रक्कम, अंदाजे ७० लाख, आता टप्प्याटप्प्याने मोकळी करावी. विकताना हाती येऊन २४ महिने उलटलेलेच शेअर निवडावेत. त्यांच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि वर अधिभार-उपकर लागतो, तर अलीकडच्या शेअरचा नफा तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे करपात्र होतो. शिवाय तुमच्या नावे आज घर नाही, त्यामुळे प्राप्तिकरातील ५४ एफ म्हणून परिचित असलेली सूट तुम्हाला मिळू शकते: विक्रीची संपूर्ण निव्वळ रक्कम विक्रीनंतर दोन वर्षांत भारतातील घरात घातली, तर हा कर लागत नाही. बांधकाम चालू असेल तर मुदत तीन वर्षांची धरतात. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खर्च न झालेली रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते, हे पुष्कळ जण विसरतात. सासरे फ्लॅट फक्त यजमानांच्या नावे घ्यावा म्हणत आहेत. तसे केल्यास ही सूट वादात सापडेल, म्हणून करारात तुमचे नाव आलेच पाहिजे. उरलेल्या २० लाखांसाठी गृहकर्ज घ्यावे. मुलीच्या शिक्षणाच्या ठेवींना हात लावू नये.

यापुढे हाती येणारे शेअर मिळताच विकत जावेत. त्यांच्यावर पगार म्हणून कर भरून झालेला असतो, त्यामुळे लगेच विकल्यास करपात्र नफा जवळपास उरत नाही, आणि ती रक्कम देशी इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातील सगळ्या कंपन्यांत पैसे विभागणाऱ्या फंडात, जाऊ शकते. मागे राहिलेले ४० लाखांचे शेअर मात्र खुशाल ठेवा. नव्या सीईओंवर तुमचा विश्वास असेल तर त्याला एवढी जागा पुरेशी आहे. आजचे शेअर ४० लाखांपर्यंत कमी करण्याला आणखी एक कारण आहे: अमेरिकेचा रहिवासी नसलेल्याच्या मृत्यूनंतर तिथल्या ६० हजार डॉलरपुढील मालमत्तेवर कर लागतो, त्याचा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तुमचे आजचे शेअर त्या मर्यादेच्या दुपटीच्या आसपास आहेत.

विक्रीपूर्वी कंपनीच्या अनुपालन विभागाला (नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या) लेखी विचारा, कारण निकालांच्या आणि अशा मोठ्या बदलांच्या आसपास कर्मचाऱ्यांना व्यवहाराची बंदी असू शकते. परवानगी आली की ब्रोकरकडून शेअरचा प्रत्येक हप्ता हाती आल्याची तारीख आणि त्या दिवशीचा भाव असलेला उतारा मागवा आणि तो तुमच्या सीएंना द्या. विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यासाठीही तोच लागणार आहे.