दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गावी आठ दिवस न्यावं की दोन दिवस पुरे?

तुम्ही विचारलंय, मुलांना गावी कंटाळा येतो, रेंज नसते, तर आजी-आजोबांकडे भाऊबीजेपुरतं दोन दिवस जाऊन आलं तर चालेल का. नाही चालणार. आठ दिवस न्या, तेही दिवाळीच्या आधीचे. कंटाळा आला तर येऊ दे. आमची पोरं तिसऱ्या दिवशी मोबाईल विसरून खळ्यात असतात.

आमचं गाव कणकवलीपासून आत. चाकरमानी गणपतीला येतो, मे महिन्यात आंबे खायला येतो. कापणीला फारसं कोणी येत नाही, कारण तेव्हा काम असतं! बाबा मात्र दरवर्षी घरामागचा एक कुणगा, म्हणजे भातशेतीचा लहान तुकडा, न कापता ठेवायचे, नातवंडांसाठी. जेमतेम दोन गुंठे. पोरं अर्धं भात कापणार, अर्धं तुडवणार, संध्याकाळी अंगाला खाज सुटली म्हणून रडणार आणि आई त्यांना कढत पाण्याने घासून काढणार. माझ्या मुलीला अजून ती खाजच आठवते, फटाके नाहीत.

२०१९ साली २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. मी म्हणत होतो, मत देऊन रात्रीच्या कोकणकन्येने निघू. दादा पुण्याला असतो. त्याच्या मुलाचा क्लास होता. त्याचं म्हणणं, शनिवारी २६ला सगळे एकदमच जाऊ, पहाटे तुळशीपुढे कारीट फोडू, वाडीत चार घरचे पोहे खाऊ आणि भाऊबीज करून परत. मी ऐकलं, चूक माझीच. बाबांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "येवा सावकाश. पोरांका कापूक ठेवलंय."

२४च्या सुमारास क्यार वादळाचा पाऊस लागला. पिकलेलं भात आडवं झालं, पाण्यात बसलं. पाडव्याला मागे जाऊन बघितलं तर लोंब्यांना हिरवे कोंब. आई म्हणाली, "कोंब इले." बाबा बोललेच नाहीत. दादा म्हणाला, "मण-दीड मणाचा तर प्रश्न. बाबांनी हवामानाचा अंदाज बघून वेळेत कापून घ्यायचं होतं."

त्यावरून आमची जुंपली, ती अजून मिटलेली नाही. बाकीचं सगळं भात बाबांनी २० तारखेच्या आत कापून, झोडून घरात घेतलं होतं. अंदाज त्यांना दादापेक्षा जास्त कळतो. तो एवढा कुणगा आमच्यासाठी उभा होता.

तेव्हा क्लास, शिबिर, सोसायटीचा दिवाळी कार्यक्रम ही कारणं मला सांगू नका. तिकिटांचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे गणपतीच्या गडबडीतच दिवाळीची तिकिटं काढावी लागतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही लागू असतं, गाडीची वेळ नीट बघून घ्या.

दोनचार गोष्टी राहिल्या. मुलांच्या पायाला जखम असेल तर चिखलात उतरवू नका, आमच्याकडे लेप्टोच्या तापाचे रुग्ण सापडतात. कापणीत फुरसं, म्हणजे विषारी साप, निघतं, गमबूट न्या. आणि आजी-आजोबा खरंच थकले असतील तर आठ दिवस त्यांच्या जिवावर बसू नका. वाणसामान भरून द्या, चूल तुम्ही सांभाळा. हे मी बायकोला उद्देशून म्हणत नाही, गावी घावणे मीच काढतो. दोन्ही आजोळं सांभाळायची असतील तर कुठे किती दिवस हे तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

बाबा आता कुणगा ठेवत नाहीत. गेल्या वर्षी सगळं मशीनने कापून घेतलं. यंदा मी फोन करून म्हटलं, तेवढा ठेवा. तर म्हणाले, "येतलास कधी, ता आधी सांग." मी तारीख सांगितली. दादा क्लासमध्ये विचारून कळवतो म्हणालाय.