वाचकांचे प्रश्न : गर्दी नसलेली पुळण कुठे सापडेल?

प्रश्न : ताई नमस्कार. डिसेंबरात पाच दिवसांची सुट्टी काढलीय, पुण्याहून आमची गाडी घेऊन निघणार. मी, बायको, नववीतली मुलगी आणि माझी आई (वय ७२, गुडघे दुखतात). गणपतीपुळे, तारकर्ली झालंय, तिथली गर्दी आणि वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट आता नको वाटतो. रत्नागिरी ते वेंगुर्ला अख्खा किनारा गाडीने करावा, रोज नवा बीच, असं डोक्यात आहे. मुक्काम कुठे कुठे करू?

उत्तर : रोज नवा बीच हा बेत आधी बाजूला ठेवा अशी माझी कळकळीची विनंती आहे. नकाशावर हा किनारा सरळ दिसतो पण प्रत्यक्षात दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. पुलापर्यंत आत जा, पलीकडून परत समुद्राकडे या, शिवाय रस्ता अरुंद, वळणांचा, समोरून एसटी आली की कडेला थांबायचं. ताशी तीस-पस्तीसच्या पुढे सरासरी जात नाही आणि जाऊही नये. पाच दिवसांत वेंगुर्ला गाठायचं म्हणाल तर आईंना गाडीच्या सीटशिवाय दुसरं काही दिसणार नाही.

त्यापेक्षा दोनच मुक्काम करा, दोन दोन रात्रींचे.

पहिला आडिवरे, कशेळी, आंबोळगड या पट्ट्यात कुठेही. पुण्याहून कराड, मलकापूर करत अणुस्कुरा घाटाने खाली उतरलात की पाचल, ओणी आणि मग राजापूरकडून आडिवरे. आठ-नऊ तास धरा, पहाटे निघा. घाट सुंदर आहे पण अंधारात उतरू नका. कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे, सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच त्यातलं हे एक, रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो. तिथून जवळ देवघळी, दोन कड्यांच्या मधे अडकलेली छोटीशी पुळण. खाली जायला पायऱ्या आहेत, तुम्ही तिघं उतरा, आईंना मात्र वरूनच दाखवा, वरून दिसणारा समुद्र खालच्यापेक्षा काकणभर सरसच आहे. कशेळीच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) हत्तीचं कातळशिल्प आहे, साधारण १८ मीटर लांब, जांभ्यात कोरलेलं आणि त्या एका हत्तीच्या पोटात मासे, प्राणी, पक्षी अशी कितीतरी चित्रं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. मुलीला हे नक्की दाखवा. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा म्हणजे रेषा उठून दिसतात, दुपारी डोक्यावर ऊन असताना काहीच कळत नाही. चपला काढा आणि रेषांवर पाय देऊ नका.

मग वेत्ये आणि आंबोळगड. आंबोळगडला गाडी अगदी जवळ जाते, आईंना खुर्ची टाकून देता येईल. छोटासा पडका किल्ला, वडाचं झाड, एका बाजूला काळा कातळ आणि दुसऱ्या बाजूला वाळू. ओहोटीला कातळावरच्या डबक्यांत बघत बसलं तर मुलीचे दोन तास कसे जातील कळणार नाही. फक्त पायात जाड तळाचे सँडल हवेत, कारण कातळाला चिकटलेली कालवं (एक प्रकारचे शिंपले) ब्लेडसारखी कापतात.

दुसऱ्या मुक्कामासाठी जैतापूरचा पूल ओलांडून विजयदुर्गाकडे या (किल्ला बघायला अर्धा दिवस ठेवा) आणि देवगड ओलांडून कुणकेश्वरच्या दक्षिणेला मिठबाव, तांबळडेग किंवा त्याच्याही खाली आचरा, तोंडवळी, तळाशील. तळाशीलची जागा बघाच. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माड, सुरूची झाडं, घरं आणि एकच रस्ता. इथे सकाळी रापण ओढताना बघायला मिळू शकते. होडी जाळं घेऊन समुद्रात गोल फिरून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. विचारून हात लावलात तर कोणी नाही म्हणत नाही, उलट बरं वाटतं त्यांना. पण आधी मोबाईल रोखून उभं राहू नका, ती त्यांची रोजीरोटी आहे. पर्ससीन (मासळीला घेरून खालून आवळायचं मोठं जाळं) आणि एलईडीच्या (रात्री दिव्यांनी मासळी गोळा करायच्या) मासेमारीमुळे रापणवाल्यांच्या जाळ्यात येणारी मासळी घटलीय हे त्यांच्या तोंडून ऐका. ताजे बांगडे तिथेच विकत घ्या आणि घरमालकिणीला नेऊन द्या.

राहायला घरगुती सोयच बघा. मात्र अशा घरात ऐनवेळी जाऊन जेवण मिळत नाही, सकाळीच फोन करून किती माणसं आणि शाकाहारी की मासे ते सांगायचं, कारण त्या बाईंना नारळ खवण्यापासून सगळं करायचं असतं. आईंसाठी कमोड आहे का, पायऱ्या किती, हेही फोनवर विचारा, लाजू नका. पेट्रोल राजापूर, देवगड, मालवण अशा मोठ्या गावीच भरा. रेंज मधेच जाते म्हणून रोख पैसे जवळ असू द्या आणि नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. परतताना फोंडा घाट जवळ पडतो.

आणि वेंगुर्ला, निवती, खवणे, मोचेमाड हे सगळं पुढच्या वर्षी, त्यासाठी वेगळे पाच दिवस.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीच्या चार मैत्रिणी. मागे एकदा बीचवर पोचलो तर वाळूच नव्हती, पाणी थेट सुरूच्या बनापर्यंत. भरती-ओहोटीची वेळ आधी कशी कळते? ॲपवर विश्वास ठेवायचा का?

उत्तर : ॲप ठीकच आहेत, पण रेंज नसेल तिथे कोकणातला जुना हिशोब पाठ ठेवा. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. पक्ष कुठलाही असो, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं.

म्हणजे तुम्हाला संध्याकाळी रुंद, ओली, चालायला छान पुळण हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्या ते द्वितीया हे दिवस निवडा, तेव्हा ओहोटी सूर्यास्ताच्या आसपास येते. पण हेच उधाणाचे दिवस, पाणी जसं लांब जातं तसं चढतंही वरपर्यंत, त्यामुळे कातळाच्या टोकावर किंवा दोन कड्यांमधल्या पुळणीवर बसला असाल तर पाणी फिरल्याबरोबर निघा. आणि पोहायचं असेल तर गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय गुडघ्यापुढे जाऊ नका. या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात, खाडीच्या मुखाशी ओढ भयंकर असते आणि वरून पाणी अगदी शांत दिसतं.

प्रश्न : नाशिकहून आमचा फोर बाय फोरवाल्यांचा ग्रुप मार्चमध्ये येतोय. निर्जन बीचवर गाड्या खाली उतरवून व्हिडिओ करायचाय. कुठला बीच चालेल?

उत्तर : कुठलाच नाही, आणि हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

मार्च म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असण्याचा काळ. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करून निघून जाते. वरून काही दिसत नाही. गावातले कासवमित्र पहाटे फिरून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणाच्या आत हलवतात, पण त्यांच्या नजरेतून सुटलेलं एखादं घरटं तुमच्या टायरखाली येणारच नाही असं कोण सांगणार? टायरने वाळू दबते, खोल चाकोऱ्या पडतात आणि पिल्लू त्यातून बाहेर येऊ शकत नाही. खेकड्यांची बिळं जातात ती वेगळीच. वरच्या कोरड्या वाळूत गाडी रुतते, ती काढायला गावकऱ्यांना ट्रॅक्टर आणावा लागतो आणि तोवर भरती आली तर गाडीही गेली.

गाड्या सड्यावरच्या रस्त्यावर चालवा, घाटांत चालवा, व्हिडिओला तेही पुष्कळ आहे. आणि मार्चमध्ये येताच आहात तर पिल्लं समुद्रात सोडतात ते बघा. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली हे काम सुरू केलं आणि आता आंजर्ले, गुहागर, वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी अशा कितीतरी गावांत ते होतं. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात त्यामुळे नक्की तारीख कोणी देऊ शकत नाही, आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा. बहुतेक ठिकाणी पहाटे आणि संध्याकाळी सोडतात. गाड्या गावाबाहेर लावा, दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश बंद, पिल्लाला हात लावायचा नाही, आणि ग्रुप मोठा असेल तर दोन वेळांत विभागून जा म्हणजे गावातल्या पोरांनाही सांभाळायला सोपं जाईल.