गाडीआधी मालक वाच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

जुन्या गाड्यांच्या धंद्यात उतरतोयस, आणि मोठ्या लोकांच्या गाड्या घ्याव्यात का असं विचारलंयस. घ्याव्यात. पण ‘सिंगल हँड, कंपनी सर्व्हिस’ एवढ्यावर भाळू नको. मालकाला आपली गाडी काय वाटते, यावर ती चार वर्षांत किती झिजते ते ठरतं. ते मीटरवर दिसत नाही, आणि आरसी बुकावर तर नाहीच.

आपल्याकडे गाडी ही आधी पत असते, वाहन नंतर. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक आणि व्यावसायिकांनी मोट बांधून १५० मर्सिडीज एकदम घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. संख्येच्या जोरावर सूट मिळाली, कर्जही स्वस्त मिळालं. ट्रॅक्टरला त्याहून चढं व्याज पडतं यावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण खरेदी करणाऱ्यांचा हिशोब वेगळा होता: शहरात पैसा आहे हे बाहेरच्याला दिसलं पाहिजे. पत दाखवायला घेतलेली गाडी ती पत जुनी होण्याआधी विकली जाते. तुझ्यासाठी माल तिथूनच येतो.

त्यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर असतात, कारण आयकरात दरवर्षी १५ टक्के घसारा म्हणजे झिजेपोटी वजावट मिळते. म्हणून सौदा मालकाशी तोंडी झाला तरी विकणारी कंपनीच असते. कंपनीचा ठराव, लेटरहेडवर सही-शिक्का आणि बिल हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नको.

आता पांढऱ्या एसयूव्हीचं सांगतो. पुढारी, गुत्तेदार, कारखान्याचे संचालक यांच्या गाड्या. मागच्या सीटवर पांढरा टॉवेल, नंबर ४१४१ आणि तो ‘दादा’ वाचता येईल असा रंगवलेला. मीटर ६० हजार दाखवतं आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. खोट दुसरीकडे असते. साहेब आत बैठकीला आणि गाडी बाहेर एसी लावून चालू. परभणीच्या मे महिन्यात ड्रायव्हर ती बंद कशी करणार? धंद्यातला ठोकताळा असा की इंजिन उभ्याने तासभर चाललं, तर निदान ४० किलोमीटर पळाल्याइतकं झिजतं. रोजचे तीन तास, वर्षाचे ३०० दिवस धर. ९०० तास झाले, म्हणजे ३६ हजार किलोमीटर, आणि मीटरवर शून्य.

उभं डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही. काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेकमध्ये (हवा आत येण्याची वाट) साचते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला धुराड्यात डीपीएफ म्हणजे काजळीची जाळी असते. ती जाळून साफ व्हायला गाडी साठच्या पुढे सलग वीसेक मिनिटं पळावी लागते. साहेबांची गाडी बंगल्यावरून कचेरीत, कचेरीतून लग्नात. जाळी साफ होण्याची क्रिया सुरू होते आणि इंजिन बंद केलं की अर्धवट राहते. त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ऑइलपट्टी काढून बघ. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पट्टी पुस, पुन्हा घाल, पुन्हा काढ. ऑइल वरच्या खुणेच्याही वर आलंय? नाकाजवळ धर. डिझेलचा वास आला तर समज, बेअरिंगला आणि टर्बोला पातळ ऑइल जात होतं. ड्रायव्हर म्हणेल, “ऑइल कमी होतच नाही, उलट भरलेलंच असतं.” तो खोटं बोलत नाही, त्याला ते चांगलंच लक्षण वाटतं.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर इंजिनाचे तास मिळत असतील तर किलोमीटरला तासांनी भाग. ३५-४० आलं तर ठीक. वीसच्या खाली आलं तर गाडी उभ्यानेच म्हातारी झाली, भाव तसाच लाव.

याच गाड्यांना पुढे लोखंडी क्रॅश गार्ड असतो. तो बेकायदा आहे, आणि धडक त्याच्यामार्फत थेट चॅसीत जाते, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकतो. काढायला लाव, आणि त्याच्या आडचा पुढचा बंपर, रेडिएटरचा सपोर्ट सरळ आहे का ते बघ. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही तर कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय. काळ्या काचांचंही पाहून घे: पुढची-मागची काच ७० टक्के, बाजूच्या ५० टक्के उजेड आत सोडणाऱ्या हव्यात. नाहीतर चलान तुझ्या गिऱ्हाइकाला.

याच्या उलट मोंढ्यातला म्हणजे धान्यबाजारातला अडत्या किंवा जालन्याचा लोखंडवाला. तुझ्या-माझ्यापेक्षा शंभरपट पैसा, आणि दारात तीन लाख किलोमीटरची इनोव्हा. त्याला गाडी म्हणजे तराजूसारखं साधन. तराजूवर तो नक्षी काढत नाही, पण बिघडूही देत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात ऑइल बदलल्याची पहिल्यापासूनची बिलं सापडतील. बाहेरून ओरखडे, आतून सीट फाटलेली. नवीन पोरं असल्या गाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. तू बघ. ओरखडे हजारांत जातात, इंजिन लाखांत जातं.

तिसरा हौशी. डॉक्टर, क्लासवाले, परदेशात पोरगा असलेले. जर्मन गाडी, कव्हर घातलेली, आठ वर्षांत २२ हजार किलोमीटर. ही सगळ्यात फसवी. उभी गाडी आतून सडते. टायरच्या बाजूला गोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांपुढचं रबर कडक झालेलं असतं. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा १२० आहे, उन्हाळ्यात काँक्रीट तापलेलं असतं, तिथे तो टायर फुटायला वेळ लागत नाही. काही गाड्यांना रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतात आणि स्टेपनीच नसते. हे गिऱ्हाइकाला आधी सांग. बॉनेट उघडून वायरिंगवर उंदरांचे दात शोध. काही स्कोडा आपल्याच संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात बनतात म्हणून सगळं स्वस्त असेल, असं समजू नको. कोरड्या क्लचचा सातगिअरी डीएसजी (एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर चढावर पायी चालण्याच्या वेगाने दहा मिनिटं चालव. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरली तर दुरुस्तीचा आकडा भावातून वजा कर.

शेतावर, आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) जाणाऱ्या गाड्यांत काळी माती चाकाच्या वरच्या कमानीत घट्ट बसते आणि पत्रा आतून गंजतो. नुसतं पाणी मारून ती निघत नाही, हात घालून बघ. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात किती गाड्या बुडाल्या ते तू पाहिलंच असशील. त्या आता धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. वर रोज वापरलेला भाग स्वच्छ आणि तळाच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ असेल तर गाडी बुडालेली. सीटचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डाही तपास.

रंगमापक यंत्र घे. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० च्या पुढे गेला की खाली लांबी म्हणजे पुट्टी आहे. एका दाराला लांबी असणं अपघात नव्हे. छत आणि खांबाला असली तर गाडी सोड.

भाव करताना एक सांभाळ. मोठा माणूस वीस हजारांसाठी अडत नाही, चारचौघांत गाडीला नाव ठेवलेलं मात्र त्याला सोसत नाही. समोर फक्त बघ, दोष वहीत लिही, आकडा संध्याकाळी फोनवर सांग. आणि फॅन्सी नंबरचे पैसे देऊ नको. तो ‘दादा’ त्याचा आहे, पुढच्या गिऱ्हाइकाला तो लागेलच असं नाही.

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. थकीत ई-चलान मालकाकडून भरून घे. विमा चौदा दिवसांत नावावर करायचा, नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाकडेच राहतो. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिही. त्याच संध्याकाळी कुठे अपघात झाला तर ती ओळ तुला आणि त्याला, दोघांनाही लागेल.

कळावे.

ता. क. ऑइलपट्टी पुसायला स्वतःचं फडकं ने. मागितलंस तर ड्रायव्हर सीटवरचा पांढरा टॉवेल देईल, आणि त्यावर डाग पडला की सौदा तिथेच संपला.